दोन अजून

ग्रिम्सबीत दर मंगळवारी संध्याकाळी
वाचनालयाच्या वरच्या खोलीत
मॉरीन हकरबी वर्ग घेते. आज फळ्यावर दोन शब्द:
स्टिल. येट.
मध्ये खडूची उभी रेघ.
ह्यांची गल्लत करायची नाही, ती म्हणते.

मी मागे किटलीपाशी. माझं काम चहा.
माझ्या भाषेत दोघांना मिळून एकच शब्द आहे, अजून,
आणि त्याच शब्दात आणखी एक कपही मागता येतो,
म्हणून मी गप्प.

स्टिल म्हणजे जे चालू होतं ते चालूच आहे.
तो क्रियापदाच्या अलीकडे उभा राहतो,
दार धरून ठेवणाऱ्या माणसासारखा.
येट म्हणजे जे व्हायचं राहिलंय.
त्याचं राहणं नकारात, नाहीतर प्रश्नात,
आणि बसणं वाक्याच्या अगदी शेवटी,
पोस्टमनची वाट बघत.

वाक्यं द्या.

शेर्को न्हावी, सुलेमानियाचा:
मी स्टिल सहा पौंडात केस कापतो.
शाब्बास.
येट माझं भाडं वाढलं नाही.
शेवटी, शेर्को, शेवटी.
वाढलं नाही, येट.
घरमालकासमोर मात्र हा शब्द काढू नकोस.

वायदोतास पहाटे पाचपासून कॉड सोलतो,
लिंबू चोळूनही हातांचा वास जात नाही.
त्याला वेगळाच स्टिल माहीत आहे:
लिथुएनियात काकाच्या गोठ्यामागे तांब्याचं भांडं,
वाकडी नळी, आणि थेंब थेंब राईची दारू.
त्यालाही इंग्रज स्टिलच म्हणतात ना?
वर्ग हसतो. मॉरीनही. ते नाम झालं, ती म्हणते,
आणि विसरायच्या आत सांगते, एक विशेषणही आहे:
भरती उलटताना हंबरचं पाणी
दहा मिनिटं हलत नाही,
ते पाणी स्टिल.

लेतेब्रहान हात वर करते.
पत्र आलं नाही येट.
पत्र स्टिल आलं नाही.
दोन्ही चालतं?
चालतं. पहिलं वाट बघतं.
दुसरं घड्याळ बघतं.
लेतेब्रहान दोन्ही उतरवून घेते,
दुसऱ्याखाली रेघ मारते.

आठ वाजता खुर्च्या एकात एक.
मी कप विसळत होतो.
तिनं पर्समधून घडीचा कागद काढला,
रुग्णालयाचा, मार्चमधला, घड्यांवर फाटत आलेला,
आणि एका शब्दावर बोट ठेवलं.
त्यात स्टिल होता, आणि जराही जागा न सोडता
त्याला चिकटून: जन्मलेलं.

मी हे असं वाचत आलेय, ती म्हणाली.
अजून जन्मलेलं.
तरीही जन्मलेलं.
हा रेघेच्या कुठल्या बाजूचा?

मॉरीननं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
पाण्याचा, ती म्हणाली. तो पाण्याचा आहे.
खाली कुणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत होतं,
तिचं एक चाक कुरकुरत होतं.

लेतेब्रहाननं कागदाची घडी घातली, जुन्याच खुणांवरून.
मुलगी आहे, ती म्हणाली. सेगेन.
जो वर्गात होता-आहेची एक चूक सोडत नाही
त्या तोंडानं
काळ दुरुस्त केला नाही.

मग आम्ही तिघं थांब्यावर.
समुद्राकडून वारा, आणि त्यात माशांच्या खोक्यांचा ओला वास.
नऊ नंबर कधीच वेळेवर नसते.
लेतेब्रहान रस्त्याकडे बघत इंग्रजीत म्हणाली,
सावकाश, शब्द जागच्या जागी ठेवत:
बस अजून आली नाही.

मॉरीननं मान हलवली. बरोबर होतं वाक्य.
त्यात तिनं कुठला अजून वापरला
ते मी ऐकलं,
पण ह्या भाषेत
मला ते सांगता येत नाही.